घंटा वाजते, पण नळ बंद होत नाही

आपल्यापैकी बहुतेकांनी रुग्णांच्या नोंदींचे तीन अवतार पाहिले आहेत. पहिला लोखंडी कपाटातील केसपेपरांचा, दुसरा स्वागतकक्षातील संगणकाचा आणि तिसरा, ज्याला हल्ली क्लाउड म्हणतात त्याचा. पहिल्या दोहोंत नोंद कोठे आहे हे बोट दाखवून सांगता येत असे. तिसऱ्यात ती मुंबई, पुणे किंवा हैदराबाद येथील एखाद्या प्रचंड इमारतीतील यंत्रांवर असते, आणि त्या यंत्रांचे भाडे वापराच्या प्रमाणात दरमहा आपल्या कार्डावरून जाते. औषधे, कर्मचारी, वीज यांचा हिशेब आपण बारकाईने ठेवतो. या भाड्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही, कारण एरवी ते चहाच्या खर्चाहूनही कमी असते. प्रश्न त्या एरवीचा नसून अपवादाचा आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्या सहकाऱ्यांनी दवाखान्यासाठी तयार सॉफ्टवेअर वार्षिक वर्गणीवर घेतले आहे, त्यांनी हा लेख केवळ कुतूहलापोटी वाचावा. त्यांचे शुल्क ठरलेले असते, आणि त्यामागील क्लाउडचा मीटर फिरला तर ती काळजी सॉफ्टवेअर विकणाऱ्याची. परंतु ज्यांनी स्वतःचे संकेतस्थळ, वेळ नोंदविण्याचे ॲप किंवा एक्स-रे व सोनोग्राफीच्या चित्रांचा साठा स्वतःच्या नावे खाते उघडून क्लाउडवर ठेवला आहे, त्यांच्या बाबतीत मीटर आणि खिसा यांच्यामध्ये दुसरे कोणीही नाही. आपल्या मंडळाचे रविवारचे मोफत बालतपासणी केंद्र याच दुसऱ्या वर्गात मोडते.

या व्यवस्थेचा इतिहास फार जुना नाही. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली आपली साठवणूक आणि संगणकशक्ती भाड्याने देण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी छोट्या संस्थेला सर्व्हर विकत घ्यावा लागे, तो थंड ठेवावा लागे आणि तो बंद पडला की माणूस शोधावा लागे. नव्या पद्धतीत यातले काहीच उरले नाही. जेवढा वापर तेवढे पैसे, अगदी विजेच्या मीटरप्रमाणे, असे तिचे वर्णन केले गेले आणि ते आकर्षक होते. पण ही उपमा एका महत्त्वाच्या ठिकाणी लंगडी पडते. आपल्या घरच्या विजेला मंजूर भाराची मर्यादा असते. भार वाढला की फ्यूज उडतो, घर अंधारात जाते. परंतु लाखाचे बिल येत नाही. क्लाउडचे वैशिष्ट्य असे की मागणी वाढेल तशी तेथील यंत्रे आपोआप वाढत जातात. ज्या गुणासाठी ही व्यवस्था घ्यायची, तोच गुण खर्चाला मोकळे रान देतो.

आपल्या केंद्रात सुमारे अकराशे बालकांची वजने, उंची आणि लसीकरण कार्डांची छायाचित्रे अशा रीतीने ठेवली आहेत. एका सहकाऱ्याच्या अभियंता चिरंजीवांनी हे काम विनामोबदला, अत्यंत आस्थेने उभे केले. दरमहा बिल सातशे ते नऊशे रुपये येई. गेल्या वर्षी एका महिनाअखेरच्या शनिवारी त्यांनी एक छोटी सुधारणा केली. कार्डाचे मोठे छायाचित्र आले की त्याची आपोआप एक लहान प्रत तयार व्हावी, म्हणजे परिचारिकेच्या मोबाइलवर ती चटकन उघडेल. कल्पना चांगली होती. मात्र ती लहान प्रत मूळ फोल्डरमध्येच जमा होऊ लागली. फोल्डरमध्ये नवे चित्र आले असे समजून यंत्रणेने तिचीही प्रत काढली, मग त्या प्रतीची प्रत, आणि तिचीही. दोन आरसे समोरासमोर ठेवावेत तसा हा प्रकार. रविवारी दुपारी एकच्या सुमारास, ठरविलेल्या पंधराशे रुपयांपैकी ऐंशी टक्के खर्च झाल्याची सूचना ईमेलने आली. त्या वेळी हा तरुण देवासला एका लग्नाच्या पंगतीत होता. रात्री घरी परतल्यावर त्याने ईमेल पाहिला आणि तत्काळ सारे बंद केले. परंतु सूचना निघाली तेव्हाच प्रत्यक्ष खर्च ऐंशी टक्क्यांच्या कितीतरी पुढे गेलेला होता.

पुढील महिन्याच्या तीन तारखेला आमच्या कोषाध्यक्षांचा फोन आला. ते ज्येष्ठ भूलतज्ज्ञ आहेत, आवाज चढविणे त्यांच्या स्वभावात नाही. "अहो डॉक्टर, बँक माझ्याकडे सेहेचाळीस हजारांसाठी ओटीपी मागते आहे. देऊ की नको?" एवढेच त्यांनी विचारले. ती रक्कम केंद्राच्या पाच महिन्यांच्या औषधखर्चाइतकी होती.

असे प्रसंग जगात इतरत्रही घडले आहेत, आणि आपल्यापेक्षा पुष्कळ जाणत्या लोकांवर घडले आहेत. २०२० मध्ये अमेरिकेतील एका नवोदित कंपनीने गूगल क्लाउडवर आपल्या नव्या उत्पादनाची चाचणी घेतली. ठरविलेले अंदाजपत्रक होते ७ डॉलरचे. त्यांचा कार्यक्रम स्वतःलाच पुनःपुन्हा बोलावीत राहिला आणि एका रात्रीत बिल सुमारे ७२ हजार डॉलरवर गेले. माहितीसाठा शंभर अब्जांहून अधिक वेळा वाचला गेला होता. गूगलने ती रक्कम पुढे माफ केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेटलिफाय या कंपनीच्या एका ग्राहकाला एक लाख चार हजार डॉलरचे बिल आले. त्याचे संकेतस्थळ अगदी साधे होते, पण त्यावरील एका जुन्या गाण्याची फाइल कोणीतरी यंत्राद्वारे अखंड उतरवून घेत राहिले. कंपनीने प्रथम वीस टक्के, नंतर पाच टक्के रक्कम भरण्यास सांगितले आणि प्रकरणाचा जाहीर बभ्रा झाल्यावर संपूर्ण बिल रद्द केले.

मला सर्वाधिक उद्बोधक वाटले ते २०२४ च्या एप्रिलमधील तिसरे उदाहरण. एका अभियंत्याने ॲमेझॉनच्या साठवणुकीत चाचणीसाठी एक रिकामी जागा घेतली. योगायोग असा की, एका प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये नमुन्यादाखल नेमके तेच नाव लिहिलेले होते, त्यामुळे जगभरातील अनोळखी यंत्रे आपल्या प्रती तेथे ठेवण्याचा प्रयत्न करू लागली. एका दिवसात सुमारे दहा कोटी विनंत्या आल्या. त्या सर्व नाकारल्या गेल्या. तथापि नाकारण्याचेही शुल्क लागत असल्याने बिल झाले तेराशे डॉलरहून अधिक. म्हणजे बंद दारावर परक्याने थाप मारावी आणि पैसे घरमालकाने भरावेत. बभ्रा झाल्यावर मे २०२४ मध्ये ॲमेझॉनने हा नियम बदलला आणि बाहेरून आलेल्या, परवानगी नाकारल्या गेलेल्या अशा विनंत्यांचे शुल्क घेणे थांबविले.

आता मूळ प्रश्न. अंदाजपत्रक ठरवून दिलेले असताना खर्च तेथे थांबत का नाही? याचे उत्तर आपल्या व्यवसायातील एका साध्या उपकरणाने चांगले समजते, असे मला वाटते.

तीन किलो वजनाच्या नवजात बालकास पहिल्या दिवशी शिरेतून द्रव द्यायचा झाल्यास साधारणतः किलोमागे साठ मिलिलिटर, म्हणजे चोवीस तासांत एकशेऐंशी मिलिलिटर पुरतात. सलाईनची बाटली असते पाचशेची. ती थेट जोडली आणि रात्री नळीवरील चाक सैल झाले, तर जवळजवळ तीन दिवसांचा द्रव काही तासांत त्या चिमुकल्या देहात जाऊ शकतो. त्याचा परिणाम काय होतो हे वॉर्डात काम केलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. म्हणून आपण बाटली आणि बालक यांच्यामध्ये बुरेट सेट लावतो. वरची पट्टी उघडून बुरेटमध्ये काही तासांपुरताच द्रव घ्यायचा आणि पट्टी बंद करायची. परिचारिकेला डुलकी लागली, चाक निसटले, इन्फ्यूजन पंपाची घंटा कोणी ऐकली नाही, तरीही बुरेटमध्ये आहे त्याहून एक थेंबही अधिक जाऊ शकत नाही. शिवाय मायक्रोड्रिपमुळे एका मिलिलिटरचे साठ थेंब पडतात, म्हणजे वेगालाही आळा बसतो. घंटा माणसाच्या जागरूकतेवर विसंबते. बुरेट कोणावरही विसंबत नाही.

क्लाउडमधील ज्या सोयीला बजेट असे भारदस्त नाव दिले आहे, ती केवळ घंटा आहे. गूगलच्या माहितीपत्रकातच स्पष्ट म्हटले आहे की अंदाजपत्रक ठरविल्याने वापर आपोआप थांबत नाही. आणि ही घंटा उशिराही वाजते. ॲमेझॉनकडे अंदाजपत्रकाची आकडेवारी दिवसातून फार तर तीन वेळा, साधारणतः आठ ते बारा तासांच्या अंतराने, अद्ययावत होते. हजारो यंत्रांकडून वापराचे आकडे गोळा करून त्यांना दर लावण्यास वेळ लागतो, हे कारण तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण ज्या रुग्णाची नाडी दर दहा तासांनी मोजली जाते, त्याच्या उशाशी मॉनिटर आहे असे आपण म्हणणार नाही.

कंपन्यांचे म्हणणे असे की, खर्चमर्यादा गाठताच सारे बंद केले तर मोठ्या ग्राहकाचा व्यवसाय ठप्प होईल, कदाचित माहितीही नष्ट होईल. हे म्हणणे मी उडवून लावत नाही. गूगलच्या व्यवस्थेत खात्याचे देयक तोडणारी यंत्रणा ग्राहकाला स्वतः रचता येते. मात्र तसे केल्यास काही साठा कायमचा गमावला जाऊ शकतो, असा इशाराही ते देतात. परंतु मोठ्या बँकेची गरज आणि रविवारच्या धर्मार्थ दवाखान्याची गरज एकच कशी असेल? मायक्रोसॉफ्ट आपल्या मोफत आणि ठरावीक जमा रकमेच्या खात्यांना खरी खर्चमर्यादा देते. तीच सोय वापरानुसार पैसे भरणाऱ्या सामान्य खात्याला मात्र मिळत नाही. जुलै २०२५ पासून ॲमेझॉनने नव्या ग्राहकांसाठी जी मोफत योजना ठेवली आहे, तीत सहा महिने झाले किंवा जमा रक्कम संपली की खाते बंद होते, बिल येत नाही. यावरून दिसते की थांबविणे अशक्य नाही. पैसे भरू लागलेल्या छोट्या ग्राहकाला तो पर्याय देण्याची निकड कंपन्यांना वाटत नाही, एवढेच.

आपल्याकडे एक गैरसमज प्रचलित आहे, त्याचा येथे उल्लेख करतो. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या आवर्ती वसुलीवर बंधने आणली. जून २०२२ पासून पंधरा हजारांपर्यंतची वसुली ओटीपीविना होऊ शकते, त्याहून मोठ्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. त्यामुळे अनेकांना वाटते की आपण सुरक्षित आहोत. कोषाध्यक्षांनी ओटीपी दिला नसता तर पैसे गेले नसते हे खरे, पण देणे शिल्लकच राहिले असते. ही मर्यादा वसुलीची आहे, वापराची नव्हे. त्यात आणखी एक मेख. बिलावर अठरा टक्के जीएसटी लागतो. व्यापारी तो आपल्या करातून वळता करून घेतो. वैद्यकीय सेवा करमुक्त असल्याने आपल्याला ती वजावट मिळत नाही, तो सरळ खर्चात धरावा लागतो.

आमच्या प्रकरणात कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. संस्था धर्मार्थ आहे, वापर निरर्थक होता, यंत्रणेतील दोष दूर केला आहे, असे पुराव्यानिशी कळविले. तीन आठवड्यांनी एकवेळची सवलत म्हणून बहुतांश रक्कम सोडण्यात आली. सुमारे सहा हजार भरावे लागले. कंपन्या प्रथम प्रसंगी बहुधा उदार असतात, असा अनेकांचा अनुभव आहे. मात्र औदार्यावर अंदाजपत्रक बेतता येत नाही.

यानंतरच्या कार्यकारिणीच्या बैठकीत खरा वाद झाला. एक ज्येष्ठ सभासद, ज्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, म्हणाले, "वही कधी बिल पाठवीत नाही. सगळे परत रजिस्टरवर घ्या." बैठकीतील अर्ध्याहून अधिक लोकांनी मान डोलावली. मी विरोध केला, आणि तो यंत्रावरील प्रेमापोटी नव्हे. आपल्या केंद्रात येणारी कुटुंबे वारंवार घर बदलतात. त्याच पावसाळ्यात एक माता चौदा महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती. खोलीत पाणी शिरून लसीकरण कार्डाचा लगदा झालेला. कोणत्या लसी झाल्या हे तिला सांगता येईना, "सब लगवाए हैं डॉक्टर साब" एवढेच ती पुनःपुन्हा म्हणत होती. लेखी नोंद नसेल तर लस झालीच नाही असे धरून पुन्हा टोचावी लागते, हा आपला नियम. त्या दिवशी परिचारिकेने मोबाइलवर कार्डाचे छायाचित्र उघडले आणि केवळ राहिलेली एक मात्रा दिली गेली. रजिस्टरमध्येही ती नोंद सापडली असती, पण तीन वर्षांच्या नऊ वह्यांतून, रांगेत चाळीस मुले उभी असताना, कोणी शोधली असती? शिवाय २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास बहात्तर तासांत देणे बंधनकारक आहे. ती अट आपल्या केंद्राला शब्दशः लागू नसली, तरी ज्यांचे रुग्ण अज्ञान आहेत त्या बालरोगतज्ज्ञाने याहून दीर्घ काळ नोंद जपणेच शहाणपणाचे. कायद्याची मुदत अनेकदा मूल सज्ञान झाल्यावरच सुरू होते.

वादाअंती व्यवस्था टिकली, पण तीत बुरेट बसविण्यात आला. तो असा. रुपयांवर थेट मर्यादा घालता येत नसली, तरी वेगावर घालता येते. एका वेळी किती यंत्रे चालावीत, मिनिटाला किती विनंत्या स्वीकाराव्यात, यांचे कमाल आकडे बहुतेक सर्व कंपन्या ग्राहकाला ठरवू देतात, आणि सामान्यतः ते आकडे आपल्या गरजेच्या शेकडो पट ठेवलेले असतात. रविवारी चार तासांत दीडशे बालके तपासणाऱ्या केंद्राला एका वेळी हजार यंत्रांची गरज काय? आम्ही ती संख्या दोनवर आणली. आता तीच चूक पुन्हा झाली तरी खर्च थेंबाथेंबाने होईल, आणि घंटा उशिरा वाजूनही पुरेशी ठरेल. लहान प्रतींसाठी स्वतंत्र जागा केली. हिशेबात तीन हजार रुपये दिसताच छायाचित्रांचे काम आपोआप बंद पडेल अशी तरतूद केली. नोंदी वाचणे आणि लिहिणे मात्र बंद पडणार नाही. हा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. द्रव थांबवावा, प्राणवायू थांबवू नये.

खाते त्या तरुणाच्या वैयक्तिक नावावर होते, ते मंडळाच्या नावे केले. सूचना आता तिघांच्या फोनवर येतात, त्यांपैकी एक जण रात्रपाळी करणाऱ्या रुग्णालयात आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्व नोंदींची एक प्रत हार्ड डिस्कवर उतरवून ती केंद्राच्या त्याच जुन्या लोखंडी कपाटात ठेवली जाते. यात एक गंमत आहे. क्लाउडमध्ये माहिती आत नेणे सहसा मोफत असते, बाहेर काढण्याचे पैसे पडतात. आमचा साठा लहान असल्याने तो मोफत मर्यादेत बसतो. ज्या सहकाऱ्यांकडे सीटी स्कॅनची चित्रे आहेत त्यांनी मात्र हा दर आधी पाहून घ्यावा. २०२४ मध्ये गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकाला हे शुल्क माफ करण्याचे जाहीर केले. त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो.

ठरलेल्या मासिक भाड्याचा एकच छोटा सर्व्हर घ्यावा, अशी सूचनाही विचाराधीन आहे. बिल निश्चित राहील हा तिचा मोठा गुण. पण त्या सर्व्हरची देखभाल, सुरक्षेच्या सुधारणा आणि तो बंद पडल्यास पुन्हा उभा करणे हे आपल्याकडे येईल. त्यासाठी माणूस हवा, आणि माणूस हाच सध्या आपला तुटवडा आहे. ज्याने हे सारे उभे केले तो तरुण पुढील महिन्यात नोकरीनिमित्त बंगळुरूस जात आहे. फोनवर तो उपलब्ध राहील. "काका, रात्री दोनला फोन केलात तरी चालेल," असे त्याने सांगितले आहे, पण तसे करण्याची वेळ येऊ नये.

मागील महिन्याचे बिल आठशेवीस रुपये आले, त्यात सुमारे एकशेपंचवीस कराचे. खात्याचे व्यवहार दोन सभासदांनी शिकून घेण्याचे ठरले आहे. एक नाव निश्चित झाले आहे, दुसरे व्हावयाचे आहे. येत्या चार रविवारी तपासणी संपल्यावर, साडेबारा ते एक, तो तरुण केंद्रात बसून सर्व समजावून सांगणार आहे. संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. बुरेट सेट लावता येत असेल तर पुरे. इच्छुकांनी कोषाध्यक्षांकडे नाव द्यावे.